मदत हवी आहे : गरोदर मुलीसाठी भाजी आणि फळे सेंद्रियच घ्यावीत का?

नमस्कार.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली असून तिला सातवा महिना सुरू आहे. ती आल्यापासून घरात रोज एका गोष्टीवरून चर्चा होते आणि ती काही केल्या मिटत नाही, म्हणून जाणकारांकडे मदत मागण्यासाठी हा धागा काढत आहे.

पुण्याला असताना मुलगी दर आठवड्याला सेंद्रिय भाजी मागवत असे. इथेही तसेच करावे, बाजारातली साधी भाजी घरात आणूच नये, असा तिचा आग्रह आहे. पोटातल्या जिवाची काळजी आहे, त्यामुळे मला त्या आग्रहाचा राग येत नाही. परंतु आमचे घर यजमानांच्या निवृत्तिवेतनावर चालते आणि सेंद्रिय म्हणून मिळणारी भाजी शनिवारच्या बाजारातील भाजीच्या दुप्पट, काही वेळा त्याहूनही अधिक दराने पडते. महिनाभर आम्ही तिचे ऐकले. त्याचा परिणाम असा झाला की, पूर्वी मी पालेभाजीच्या चार जुड्या आणत असे तिथे दोन आणू लागले, डाळिंब आणि पेरू जवळजवळ बंद झाले, आणि दोन्ही वेळेला वेगळी भाजी होत असे त्याऐवजी रात्री पिठल्यावर भागू लागले. बाळाच्या भल्यासाठी सुरू केलेल्या गोष्टीमुळे त्याच्या आईच्या ताटातली भाजी कमी झाली, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. माझा धाकटा भाऊ तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग करतो. दर वर्षी माल निघाला की पहिली पेटी आमच्याकडे येते. यंदा तो पेटी घेऊन आला तेव्हा मुलीने एक मणीही तोंडात घातला नाही. तिने त्याला विचारले, "मामा, ऑक्टोबरच्या छाटणीपासून आतापर्यंत किती फवारण्या झाल्या?" त्याने काहीही न लपवता आकडा सांगितला. तो ऐकून आम्ही सगळेच गप्प झालो. भाऊ रागावला नाही, पण चहा अर्धा ठेवून उठला आणि त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. ज्या बागेने त्याची दोन मुले शिकली, तिच्या फळाला त्याच्या भाचीने हात लावू नये, याचे त्याला किती वाईट वाटले असेल हे मी समजू शकते. मात्र मुलीचा प्रश्नही मला खोडता येत नाही, कारण त्याच भावाच्या घरामागे वांगी, मेथी आणि कोथिंबिरीचे दोन वाफे आहेत आणि त्यांवर तो कधीच औषध मारत नाही. शेतकरी घरच्यासाठी वेगळे पिकवत असेल, तर बाजारासाठी पिकवलेले आपण निर्धास्तपणे कसे खावे?

सेंद्रिय म्हणून जे विकले जाते त्याच्या खरेपणाविषयीही माझ्या मनात शंका आहे. आम्हाला भाजी देणाऱ्या एका विक्रेत्याकडे मी प्रमाणपत्राची चौकशी केली, तेव्हा "ताई, विश्वासावर चालते," एवढेच उत्तर मिळाले. कोणत्या गावातून, कोणाच्या शेतातून माल येतो हेसुद्धा त्यांना सांगता आले नाही. त्यानंतर मी तिथून भाजी घेणे थांबवले, त्यावरून मुलीशी थोडे वाजलेही.

शिवाय यजमानांना मधुमेह आहे. सेंद्रिय गुळाचा त्रास होत नाही असे त्यांना कोणीतरी सांगितले आणि त्यांनी चहात साखरेऐवजी गूळ घालायला सुरुवात केली. मागच्या तपासणीत त्यांची रक्तातील साखर वाढलेली आली. म्हणजे 'सेंद्रिय' या शब्दावर आमच्या घरात दोन माणसे दोन निरनिराळ्या कारणांनी विसंबून आहेत, आणि तो शब्द नेमकी कशाची हमी देतो हे आम्हां कोणालाच नीट ठाऊक नाही.

माझी विचारणा अशी आहे. सेंद्रिय अन्नात पोषण खरोखर जास्त असते का, की त्याचा लाभ केवळ औषधांचे अंश कमी असण्यापुरता आहे? तसे असेल तर गरोदर स्त्रीसाठी तो लाभ किती मोठा मानावा? पैसे मर्यादित असताना ते कशावर खर्च करावेत? आणि भावाच्या बागेतली द्राक्षे मुलीने खावीत की नाहीत? हा शेवटचा प्रश्न कोणाला घरगुती वाटेल, पण माझ्यासाठी तोच सर्वांत मोठा आहे. कृपया शक्य तितके स्पष्ट लिहावे.

प्रतिसाद : पलूस तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार

नमस्कार ताई. तुमच्या भावाच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहिले आणि लिहिल्यावाचून राहवले नाही.

सर्वप्रथम घरामागच्या वाफ्यांविषयी. वांग्याच्या दहा झाडांवरची अळी हाताने वेचता येते, कीड लागलेले शेंडे खुडून टाकता येतात आणि एखादे झाड गेले तरी घर उपाशी राहत नाही. दीड एकर बागेत एकच पीक दाटीने उभे असते. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस आला की डाऊनी हा बुरशीचा रोग चार दिवसांत घड संपवतो, तो गेला की भुरी ही दुसरी बुरशी, त्यामागून फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण येतात. त्या बागेवर पीककर्ज असते. विषारी माल लोकांना द्यावा आणि चांगला आपण खावा, अशा विचाराने कोणी वाफे वेगळे ठेवत नाही. लहान जागेत जे जमते ते मोठ्या बागेत जमत नाही, एवढेच त्यामागचे कारण आहे.

दुसरे असे की, फवारण्यांचा आकडा ऐकून फळात किती औषध उरले हे कळत नाही. आमच्या फवारण्यांपैकी बऱ्याच बोर्डो मिश्रणाच्या, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या, तसेच गंधकाच्या असतात, आणि या दोन्हींना ठरावीक मर्यादेत सेंद्रिय शेतीतही परवानगी आहे. सेंद्रिय द्राक्षबागेतही फवारणी होतेच, हे मुलीला अवश्य सांगावे. महत्त्व आहे ते कोणते औषध मारले आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी घड काढला याला. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दर हंगामासाठी औषधांची यादी काढते. त्या यादीत प्रत्येक औषधापुढे काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे आणि फळात त्याचा अंश जास्तीत जास्त किती चालतो हे दिलेले असते.

ही शिस्त आम्हाला ठेच लागल्यावर आली. 2010 साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, ज्याला आम्ही सीसीसी म्हणतो त्याचा, अंश युरोपात सापडला आणि ऐन हंगामात निर्यात अडकली. कित्येक बागायतदारांचे त्या वर्षी कंबरडे मोडले. वास्तविक सीसीसी हे कीटकनाशकही नाही, वेलीची शेंडेवाढ रोखण्यासाठी ते वापरले जात असे. त्या धक्क्यानंतर निर्यातीच्या मालाची अंश-तपासणी अधिक कडक झाली. मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर देशातल्या बाजारात जाणाऱ्या प्रत्येक पेटीची अशी तपासणी होत नाही आणि ग्राहकाची भीती तिथून सुरू होते. ती भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, भावाला फवारणीची नोंदवही मागा. जवळजवळ प्रत्येक जाणता बागायतदार ती ठेवतो. तारीख, औषध, प्रमाण, सगळे त्यात असते. ती तुम्हाला कोणत्याही दुकानदाराच्या शब्दापेक्षा अधिक सांगेल.

आणखी एक सांगतो, ते विषयाला सोडून वाटले तरी नाही. या औषधांचा सर्वांत मोठा वाटा खाणाऱ्याच्या अंगात जात नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने औषध फवारणारे यंत्र, चालवणारा माणूस हंगामभर त्या धुक्यात असतो. भाचीने मामाला फवारण्या किती केल्या हे विचारले, ते योग्यच केले. फवारताना तोंडावर काय बांधता, हेही तिने विचारावे असे मला वाटते.

प्रतिसाद : साताऱ्यातील आहारतज्ज्ञ

नमस्कार. तुमच्या प्रश्नाच्या पोषणाशी संबंधित भागावर लिहिते.

पोषणाच्या बाबतीत फरक असल्याचा भक्कम पुरावा नाही. 2009 साली लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील संशोधकांनी मागील पन्नास वर्षांतील अभ्यास एकत्र तपासले तेव्हा त्यांना जीवनसत्त्वे आणि खनिजे यांत आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आढळला नाही. 2012 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने 237 अभ्यासांचा आढावा घेतला आणि पोषणाविषयी त्यांचा निष्कर्ष बहुतांशी तोच होता. 2014 साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने 343 शोधनिबंधांचे विश्लेषण झाले. त्यात सेंद्रिय पिकांमध्ये काही अँटिऑक्सिडंट घटक जास्त आणि कॅडमियम हा घातक धातू सरासरी 48 टक्क्यांनी कमी आढळला. तथापि हे घटक थोडे अधिक खाल्ल्याने माणसाचे आजार कमी होतात असे त्यातून सिद्ध झालेले नाही. पिकाचा वाण, जमीन आणि काढणीनंतर गेलेले दिवस यांमुळे पोषणात पडणारा फरक पुष्कळदा शेतीच्या पद्धतीमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. दारावर आलेली ताजी मेथी चार दिवस शीतपेटीत राहिलेल्या सेंद्रिय मेथीपेक्षा सरस ठरू शकते.

औषधांच्या अंशांची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे तुमच्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. स्टॅनफर्डच्या आढाव्यात साध्या मालाच्या 38 टक्के नमुन्यांत आणि सेंद्रिय मालाच्या 7 टक्के नमुन्यांत अंश सापडले होते. मर्यादा ओलांडणारे नमुने मात्र दोन्हींत कमीच होते. गरोदरपणाचा विचार करता कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. तिथे ज्या मातांच्या लघवीत गरोदरपणी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचे अवशेष सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी सर्वांत कमी अवशेष असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी 7 गुणांनी कमी आढळला. हे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. त्या स्त्रिया शेतमजुरांच्या वस्तीत राहणाऱ्या होत्या, त्यामुळे औषध केवळ अन्नातून आले असे नव्हते. तरीही गर्भावस्थेत संपर्क कमी राखणे इष्ट आहे, एवढे मी त्यावरून निश्चित म्हणेन. मुलीला बागेपासून, विशेषतः फवारणीच्या दिवसांत, दूर ठेवावे. माहेरपणाला ती मामाच्या वस्तीवर राहायला जाणार असेल तर ही गोष्ट पेटीतल्या द्राक्षांहून जास्त विचार करण्यासारखी आहे.

परंतु ताई, भाजी निम्मी करून सेंद्रिय घेणे मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या आणि फळे खाण्यास सांगते आणि आपल्याकडील बहुतेक गरोदर स्त्रिया तिथपर्यंत पोचतच नाहीत. फोलेट, लोह आणि तंतुमय पदार्थ कमी पडले तर होणारे नुकसान ठोस आहे, ते अनेकदा पाहिलेले आहे. चार जुड्या पुन्हा चालू कराव्यात. पैसे उरतील त्यातून सालीसकट किंवा पानासकट खाल्ल्या जाणाऱ्या दोन-तीन वस्तू खात्रीच्या ठिकाणाहून सेंद्रिय घ्याव्यात. केळी, डाळिंब, कलिंगड, मटार यांची साल आपण टाकतोच, तिथे जादा पैसे घालण्याची आवश्यकता नाही.

धुण्याचा उपयोग होतो, पण त्यालाही मर्यादा आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 2017 साली सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात लिटरला 10 ग्रॅम या प्रमाणात खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात फळे 12 ते 15 मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरचे अंश निघाले. सालीच्या आत मुरलेले निघाले नाहीत. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शोषली जाणारी, औषधे धुऊन जात नाहीत, हे लक्षात ठेवावे. द्राक्षांचे घड सुटे करून तसे भिजवावेत आणि नंतर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावेत.

आपल्या भागातल्या एका सवयीकडे मुद्दाम लक्ष वेधते. भाकरीबरोबर कच्ची मेथी आणि कांद्याची पात खाण्याची आपल्याला आवड आहे. सेंद्रिय मेथीला शेणाची स्लरी किंवा शेण-गोमूत्रापासून केलेले जीवामृत दिलेले असू शकते आणि ती कच्ची खाल्ली तर जंतुसंसर्गाचा धोका असतो. जर्मनीत 2011 साली मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय जंतूंची साथ पसरली आणि पन्नासहून अधिक लोक मरण पावले. ते मोड एका सेंद्रिय शेतावर तयार झालेले होते. गरोदर स्त्रीने पालेभाजी शिजवूनच खावी, मग ती कोणत्याही शेतातली असो. त्याचप्रमाणे बुरशी आलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते, तेही संपूर्णपणे नैसर्गिक असते. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे निवडून टाकावेत.

गुळाविषयी एका वाक्यात सांगते : ऊस कसाही पिकवलेला असला तरी गूळ म्हणजे मुख्यत्वे साखरच आहे आणि मधुमेहात तो साखरेसारखाच मोजावा. 'रसायनमुक्त' गूळ आणि 'सेंद्रिय' गूळ यांतही फरक आहे. पहिल्यात गुऱ्हाळावर रस निवळताना हायड्रोस हे रंग उजळवणारे रसायन घातलेले नसते. त्याचा ऊस कोणत्या खतावर वाढला याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही.

प्रतिसाद : कोरेगाव तालुक्यात सेंद्रिय शेती करणारे

नमस्कार ताई. तुम्ही विक्रेत्याला प्रमाणपत्र विचारलेत हे अगदी योग्य केलेत. पाकीटबंद मालावर 'जैविक भारत' हे चिन्ह असते, ते 2017 पासून आले आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली प्रमाणपत्र घ्यायचे तर हंगामी पिकांना दोन आणि बहुवार्षिक पिकांना तीन वर्षे रूपांतराचा, म्हणजे रसायने सोडून सेंद्रियकडे वळण्याचा, काळ काढावा लागतो. लहान शेतकऱ्यांसाठी पीजीएस ही गटाने एकमेकांची शेते तपासण्याची पद्धत आहे. रूपांतर चालू असलेल्यांना 'पीजीएस ग्रीन' आणि ते पूर्ण केलेल्यांना 'पीजीएस ऑरगॅनिक' असा दर्जा मिळतो. लहान शेतकऱ्याने स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकला तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. अशा शेतकऱ्याकडे जाऊन त्याचे शेत पाहावे, खताचा खड्डा पाहावा, शेजारच्या शेतातून औषध उडून येऊ नये म्हणून बांधावर काय लावले आहे ते विचारावे. खरा शेतकरी तुम्हाला आनंदाने फिरवून दाखवील.

आहारतज्ज्ञ ताईंच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, तथापि केवळ खाणाऱ्याच्या तब्येतीवर सेंद्रियचे मोल ठरवू नये असे मला वाटते. माझ्या आल्याच्या शेतात दहा वर्षांपूर्वी गांडूळ दिसत नव्हते, आज कुदळ मारली की दिसते. रूपांतराच्या काळात उत्पन्न घटते आणि निंदणीला मजूर जास्त लागतात, म्हणून दर चढे राहतात. ज्यांना परवडते त्यांनी ते द्यावेत. तुम्हाला या महिन्यांत परवडत नसेल तर मनाला लावून घेऊ नये.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद मुलीने आणि मी एकत्र बसून दोनदा वाचले. पालेभाजी पुन्हा पहिल्याइतकी सुरू केली आहे. मेथी आता शिजवूनच खायची हे तिने मान्य केले, जरी तिला कच्च्या मेथीचे डोहाळे आहेत. यजमानांच्या चहातला गूळ बंद झाला असून ते सध्या थोडे नाराज आहेत.

भावाला मीच फोन केला. नोंदवहीचे विचारताना मला संकोच वाटत होता, म्हणून मुलीने फोन घेतला आणि आपल्या प्रश्नाने मामाला वाईट वाटले याची आधी क्षमा मागितली. तो क्षणभर काही बोलला नाही, मग म्हणाला, "थांब, वही आणतो." त्याने छाटणीपासूनच्या नोंदी तारखेनिशी वाचून दाखवल्या आणि मुलीने त्या लिहून घेतल्या. शेवटच्या महिन्यात भुरीसाठी फक्त गंधक मारलेले आहे. त्याआधीच्या औषधांचे थांबण्याचे दिवस आम्ही यादीशी ताडून पाहिले. सर्वांचे दिवस पूर्ण झालेले होते. दुसरी पेटी रविवारी येणार आहे आणि ती धुऊन खायची असे ठरले आहे. बागेत मात्र बाळंतपण होईपर्यंत जायचे नाही, हे भावानेच सांगितले.

मुलीने मग त्याला पलूसच्या दादांनी सुचवलेले विचारले. तो म्हणाला की, ब्लोअर चालवताना तो तोंडाला टॉवेल गुंडाळतो आणि गेली दोन वर्षे हंगामात त्याचे डोके दुखते, ते त्याने घरी कोणाला सांगितलेले नाही. त्यामुळे माझी आणखी एक विचारणा आहे. ब्लोअरने फवारणी करणाऱ्याने नेमका कोणत्या प्रकारचा मुखवटा वापरावा, त्याची गाळणी किती दिवसांनी बदलावी, आणि सांगली किंवा तासगावात तो कुठे मिळू शकेल? एप्रिलच्या छाटणीनंतर फवारण्या पुन्हा सुरू होतील, त्याआधी मला तो घेऊन द्यायचा आहे.